कुंडलच्या घरातला कावळा

किस्से काही गोळा करायला जावं लागत नाहीत. गवतातून चालत गेलं की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटतात ना, तसे ते आपोआप चिकटतात. घरी येऊन बघावं तर पदरभर! सांगलीच्या त्या दवाखान्यात मी सात वर्षं आया म्हणून राबले. अक्षर एक येत नव्हतं, आजही येत नाही. औषधाच्या बाटल्या मी रंगावरून आणि वासावरून ओळखायची. पण ऐकलेलं आणि बघितलेलं काही विसरले असेन तर शपथ!

हे नात लिहून घेते आहे. ती नर्स आहे. आजाराचं काही चुकीचं बोलले की लेखणी थांबवून डोळे वटारते.

सगळे किस्से सांगत बसले तर तुमचा स्वयंपाक राहील. म्हणून एकाच घराचे सांगते. आणि चोरून नाही सांगत हो! सगुणानं म्हातारपणी मला स्वतःच बजावलं होतं, "वन्सं, माजं नाव घिऊन सांगा. लाजून लाजूनच बायकांचं वाटुळं झालंय!"

तर मग नीट बसा आणि ऐका. कुंडल गावात एक घर होतं. घरात एक सासू होती, तिचं नाव येसाक्का. तिचा एकुलता एक लेक होता पांडुरंग, फौजेतला. आणि एक सून होती सगुणा, माण तालुक्यातल्या मेंढरं राखणाऱ्यांची लेक. तिकडं सांगलीला एक दवाखाना होता. त्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, वाईच्या, नऊवारी नेसून नळी कानाला लावणाऱ्या. एक कंपौंडर होते, तात्या. आणि एक मी होते, गोदा. माझं माहेर कुंडलचंच. येसाक्काच्या घराची भिंत आणि आमच्या घराची भिंत एकच, तेव्हा बघा!

* * *

मोठी लढाई संपली आणि गावोगावचे फौजी घरी यायला लागले. पांडूही आला. लोखंडी ट्रंक, करकर वाजणारे बूट, वासाच्या साबणाच्या वड्या! तीन वर्षांनी लेक बघितला म्हणून येसाक्कानं आळीभर साखर वाटली.

महिना-दीड महिना झाला नाही, तोवर येसाक्का सुनेला घेऊन आमच्या दवाखान्यात दाखल. सगुणाला सणसणून ताप. चालायची ती पाय फाकवून. लघवीला गेली की डोळ्यांतून टिपं यायची.

बाईंनी तिला आत घेतलं, मी पडदा धरला. बघितलं तर मांडीच्या सांध्यात आणि खाली जागेवर बारीक पाण्याच्या पुळ्या. एक नाही, दोन नाही, घोसच्या घोस! काही फुटून लाल झालेल्या.

बाई म्हणाल्या, "ह्याला हर्पीस म्हणतात. भिऊ नकोस. ह्यानं जीव जात नाही."

बाहेर येसाक्कानं तात्यांना धरलं होतं. आता हे तात्या म्हणजे कसे, तर त्यांच्या हिशोबानं माणसाचं शरीर कमरेपाशी संपायचं! त्याच्या खालच्या कुठल्याही गोष्टीचं नाव त्यांच्या तोंडून तीस वर्षांत निघालेलं नव्हतं. त्यांनी पुडी बांधली आणि येसाक्काच्या हातात दिली.

"धुऊन, कोरडं करून ही पूड लावायची."

"कुटं लावायची?"

तात्यांनी आढ्याकडं बघितलं. "जिथं आहे तिथं."

येसाक्कानं पण आढ्याकडं बघितलं. "आवं पर तितं तर पाल हाय!"

* * *

हसलात ना? पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

येसाक्का पडदा सारून आतच आली. "बाई, खरं सांगा. ही गरमी तर न्हवं?"

"गरमी म्हणजे उपदंश, तो हा नाही. तरी खात्रीला रक्त काढून मोठ्या दवाखान्यात तपासून घेऊ. हा रोग वेगळा. पुळ्या येतात, फुटतात, दोन-तीन आठवड्यांत सुकतात."

"आन हिला लागला कसा? हिरीवरच्या घागरीनं? कुणाच्या पाटावर बसून?"

"घागरीनं नाही, पाटानं नाही. कातडीला कातडी लागून होतो. संगानं."

येसाक्काचा चेहरा बघायचा होता तुम्ही! तिनं सुनेकडं बघितलं, मग बाईंकडं. "मंजी कुणापासनं तरी आणलाच म्हना की!"

बाई म्हणाल्या, "कुणाकडून कुणाला गेला हे माझ्या नळीत ऐकू येत नाही, येसाक्का."

पण येसाक्काला ऐकू आलं होतं! पांडू लढाईवर असताना सगुणा सहा महिने माहेरी राहिली होती. तेवढं पुरलं. दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून तिनं निकाल दिला, "माज्या लेकानं तीन वर्सं रगात आटवलं आन हिनं तिकडं माणात मेंढरामागं फिरून रोग आणला! दसऱ्याला हिच्या भावाला बलावती. गाठुडं हातात, आन चालती हो. पांड्याला दुसरी बघीन."

सगुणा तेव्हा एकवीस वर्षांची पोर. दसरा पाच महिन्यांवर होता.

* * *

आता कुंडलात तिकडं काय चाललं होतं ते ऐका!

पांडूला स्वतःलाच पुळ्या उठल्या होत्या. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडं अशा घोसाघोसाच्या पुळ्या दिसल्या की लोक म्हणायचे नागीण झाली. मग केरूआबाकडं जायचं. केरूआबा गेरू कालवून पुळ्यांच्या भोवती रेघ मारायचा, म्हणजे नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळत नाही आणि माणूस वाचतो, असा समज.

पांडू गेला केरूआबाकडं.

"आबा, नागीण झालीया."

"कुटं?"

"कमरंला."

"दाव."

"न्हाई दावता यायची."

"मग रेघ काय वाऱ्यावर मारू व्हय रं?"

पांडू म्हणाला, "वाटीत कालवून द्या, माजी मीच मारतो. फौजेत आमी सगळं आपलं आपणच करतो."

आबानं वाटी दिली. पण आबाचा गेरू चुन्याच्या निवळीत कालवलेला! पांडू वाटी घेऊन निवडुंगाच्या आड गेला. आणि पुढच्या क्षणाला अशी बोंब ठोकली की बैल दावं तोडून पळाले! पांडू निवडुंगाच्या मागून निघाला तो थेट विहिरीत उडी. भर दुपारी बायका पाणी शेंदत होत्या. बघतात तर पाणी लालभडक!

"आगं आयो, फौजीला कुणी तोडलं गं!"

सगळं गाव काठावर. केरूआबा वरून वाकून विचारतोय, "गड्या, नागीण मेली का रं?"

खालून आवाज आला, "नागीण हाय तशीच हाय, आबा! म्याच मेलो!"

* * *

त्यानंतर चार दिवसांनी पांडू सांगलीला दवाखान्यात आला. म्हणे आईच्या खोकल्याचं औषध पाहिजे. आईला खोकला नव्हताच! बाईंनी त्याच्या चालण्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बसा."

"बसता येत न्हाई, बाई."

"मग उभे राहा. कधीपासून आहे?"

पांडू ताठ उभा. बुटाला बूट जोडून. साहेबापुढं हजेरी द्यावी तसं सांगायला लागला. परमुलखात पहिल्यांदा झालं. तिथल्या एका गल्लीचं नाव त्यानं घेतलं आणि मान खाली घातली.

"फौजेतला डॉक्टर म्हणाला, जाईल आपोआप."

"गेलं का?"

"गेलं की. मग परत आलं. मग गेलं. परत आलं."

"किती वेळा?"

"बाई, माज्यापेक्षा जास्त येळा ते रजेवर जाऊन आलंय!"

बाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. मी तिथंच कापूस पिंजत होते, शब्द न शब्द ऐकला. ह्याला मुळापासून काढणारं औषध अजून निघालेलं नाही. हा एकदा आला की अंगात मुक्काम करतो. ऊन लागलं, ताप आला, दमणूक झाली, जिवाला घोर लागला, की डोकं वर काढतो. यायच्या आधी एक-दोन दिवस त्या जागी मुंग्या आल्यासारखं होतं, चुरचुरतं. तसं झालं की ओळखायचं, आणि बायकोपासून बाजूला व्हायचं, ते पार खपली पडून कातडी साफ होईतोवर. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवायची. हात लागला तर साबणानं धुवायचा, तो हात डोळ्याला तर मुळीच लावायचा नाही. आणि चुना, गेरू, बिब्बा, बाजारातल्या वैदूच्या पाऱ्याच्या गोळ्या, असलं काहीसुद्धा करायचं नाही!

"न्हाई बाई. गेरूचं तर नावच नगो."

"आणि पुळ्या नसतील तेव्हाही रबर वापरायचं. त्यानं सोळा आणे बचाव होत नाही, कारण ते सगळी जागा झाकत नाही. पण जोखीम कमी होते. फौजेत तुम्हाला दिलं असेल ना?"

पांडूची छाती फुगली. "दिलं हुतं की! ट्रंकंत तसंच हाय. एक पाकीटसुद्दा फोडलेलं न्हाई!"

बाईंनी चष्मा काढला. "पांडुरंगराव, मग लढाईत तुम्ही केलंत तरी काय?"

बाहेर तात्यांच्या हातून बाटली फुटली.

नात म्हणते, आजी, हेही घाल. पुळ्या नसतानाही हा रोग कधीकधी लागू शकतो, हे पुढं लोकांना नीट कळलं. आणि आता गोळ्या निघाल्या आहेत, त्यानं त्याचा जोर मोडतो, पण मुळापासून तो अजून जात नाही. घातलं गं बाई. वटारू नकोस.

पांडू निघताना दारात थांबला. डोळे भरलेले. "बाई, सगुणेला म्याच दिलं ना हे?"

"मला तसंच वाटतं. आणि दसऱ्याला तिला घराबाहेर काढणार आहेत, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आयेला कसं सांगू? आये मला देव समजती."

बाई एवढंच म्हणाल्या, "तीन वर्षं तोफेपुढं उभे राहिलात. येसाक्का तोफेपेक्षा मोठ्या आहेत का?"

पांडूनं खरंच विचार केला. "व्हय, बाई. हाय."

* * *

बेंदराला मी माहेरी गेले. बैलांच्या शिंगांना रंग, घरोघरी पुरण! येसाक्कानं मला जेवायला बोलावलं. भिंत एकच, नाही म्हणता येतंय का?

पांडू आणि मी पानावर बसलो. येसाक्का तुपाचं गाडगं घेऊन आली. गाडग्याच्या तोंडाला एक पांढरं, पातळ, ताणून बसवलेलं रबर!

मी ओळखलं. दवाखान्यात होते ना मी!

"येसाक्का, हे काय गं?"

"आगं गोदे, मिलिट्रीचं दादरं हाय! पांड्याच्या ट्रंकंत पुडकं घावलं. फडकं बांधलं तर मुंग्या शिरत्यात, ह्यात मुंगी काय, वारा शिरत न्हाई! सरकारनं काय डोकं चालवलंय बग!"

पांडूच्या घशात पोळी अडकली. मी पाठीत बुक्की घातली.

"सगळ्या आळीला दिली," येसाक्का म्हणाली. "पाटलिणीच्या लोणच्याला एक, सुताराच्या काकवीला एक, तुज्या आयेला बी दोन दिली. आता पुडक्यात येक बी उरलं न्हाई. पांड्या, तुज्या साहेबाला कागद घाल की, आणिक धाडा म्हनावं. लय टिकाऊ चीज हाय!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. सगुणा चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसत होती. त्या घरात ती हसलेली मी त्या वर्षात तेवढीच बघितली.

* * *

आता मुख्य कावळा येतो बघा!

बाईंनी सगुणाला पण तेच सांगितलं होतं. चुरचुर सुरू झाली की बाजूला व्हायचं. सांगणं सोपं हो! दोन खणांचं घर, पलीकडं सासू, आणि नवऱ्यानं आईला तोंड उघडून काही सांगितलेलं नाही. तरण्या बाईनं बाजूला व्हायचं तर काय सांगून व्हायचं?

सगुणानं डोकं चालवलं. येसाक्काच्या घरात महिन्याचे चार दिवस कडक. मागच्या दारी पडवीत एक दगड होता. बाईला कावळा शिवला की तिनं त्या दगडावर घोंगडं टाकून बसायचं. शिवायचं नाही, ताट काठीनं सरकवायचं. मग पुळ्या उठल्या की सगुणा म्हणायची, "आत्याबाई, कावळा शिवला," आणि जाऊन बसायची दगडावर! कोण बघायला येतंय? पांडूला पुळ्या उठल्या तरी बसायची तीच. त्यानं नुसती खूण करायची, आणि हिनं घोंगडं उचलायचं.

पण येसाक्का भिंतीवर चुन्याच्या रेघा मारायची. म्हशीच्या गाभणाच्या, पौर्णिमेच्या आणि सुनेच्या. श्रावणात एक दिवस ती रेघा बघत उभी राहिली आणि दुसऱ्याच दिवशी सर्व्हिस मोटारीनं सांगलीला!

"बाई, हिला पंधरा दिसांत दोनदा कावळा शिवतो. कवा कवा आठ-आठ दिस उठत न्हाई. गेल्या म्हयन्यात तर तीनदा! त्या कावळ्याला गावात दुसरं घर न्हाई व्हय?"

डॉक्टरीणबाईंना मी हसताना कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्या उठून आत गेल्या आणि पाणी पिऊन परत आल्या.

येसाक्का मात्र हसत नव्हती. "असल्या सुनंला पोर कसं व्हायाचं, बाई? मला नातवंडाचं तोंड बगायचंय. दसऱ्याला धाडतीच."

पांडूचं गुपित पांडूनं फोडायचं होतं. येसाक्का गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "गोदा, दसऱ्याला तू माहेरी जातेस ना? जा. आणि पांडुरंगरावांना सांग, मी वाट बघते आहे."

* * *

दसऱ्याच्या सकाळी माणातून सगुणाचा भाऊ आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्याला काही माहीत नाही. बहिणीला सणाला न्यायला बोलावलंय असं समजून गडी खुशीत!

"आक्के, तुजी लाडाची शेळी व्याली बग! दोन करडं!"

उंबऱ्यावर सगुणाचं गाठोडं बांधून ठेवलेलं. आळीतल्या बायका सोनं द्यायचं निमित्त करून अंगणात जमलेल्या. त्यात मीही. मी पांडूला बाईंचा निरोप दिला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि घरात गेला. बाहेर येईचना.

येसाक्का कडाडली, "पांड्या! ये भाईर! तुज्या हातानं दे गाठुडं!"

पांडू बाहेर आला. आंघोळ केलेली, कपाळाला बुक्का. एका हातात पाण्याचा तांब्या, काखेत घोंगडं. गाठोड्याकडं बघितलंच नाही. सरळ मागच्या दारी गेला, घोंगडं दगडावर टाकलं आणि बसला.

आम्ही सगळ्या मागं धावलो!

"आरं ये मुडद्या! तितं काय बसतूयास? बायकांची जागा हाय ती!"

पांडू म्हणाला, "आये, मला शिवू नगंस. मला कावळा शिवलाय."

अंगणातली एक बाई खुदकन हसली. येसाक्काचा हात वर गेला होता, तो वरच राहिला. "काय प्यालास का रं?"

"न्हाई. सगुणेला जे हाय, ते माजं हाय. म्या आणलंय, लढाईवरनं. ती ह्या दगडावर बसत हुती ती माज्यापायी. घालवायची आसंल तर मला घालव. कालपासनं मला मुंग्या आल्यात. मग मीच बसायचं का तिनं, तू सांग."

कुणी हसलं नाही आता. शेजारच्या घरात जातं थांबलं. येसाक्का लेकाकडं बघत राहिली. किती वेळ म्हणाल, तर तव्यावरची पोळी करपल्याचा वास आमच्यापर्यंत आला, तेवढा वेळ!

मग ती वळली. आत गेली. ताट वाढून आणलं, जमिनीवर ठेवलं, आणि काठीनं ढकलत ढकलत लेकापुढं सरकवलं. रीतीप्रमाणं!

परत येऊन तिनं उंबऱ्यावरचं गाठोडं उचललं. सगुणाच्या भावाला म्हणाली, "पावणं, हातपाय धुवा. जेवून जावा. हे गाठुडं चुकून बांधलं गेलं."

तो बिचारा माणचा भोळा गडी! त्याला ह्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. पांडूच्या समोर उकिडवा बसला आणि लय काळजीनं विचारलं, "दाजी, बापय मानसाला किती दिस बसावं लागतंय?"

पांडू घास घेता घेता म्हणाला, "खपली पडंपतूर!"

सगुणाची माफी येसाक्कानं मागितली नाही. सासवा मागत नसत. पण संध्याकाळी मी भिंतीवरून डोकावले, तर ती ओल्या फडक्यानं चुन्याच्या रेघा पुसत होती. म्हशीच्या आणि पौर्णिमेच्या तेवढ्या ठेवल्या.

* * *

आणि मग येसाक्का जी सुटली! जे लपवण्यात पाच महिने गेले होते, ते तिनं आळीच्या तोंडी दिलं. पांडू शेतावर निघाला की पडवीतून हाळी, "पांड्या! मुंग्या आल्यात का रं?"

"न्हाई, आये!"

"बग हां! आल्या तर दगूड हाय!"

पुढच्या वैशाखात सगुणाला दिवस राहिले. येसाक्का तिला स्वतः घेऊन सांगलीला आली, छकड्यात गादी घालून! बाईंनी बजावलं, कळा लागल्या की आधी मला बघू द्यायचं. पुळ्या असल्या, चुरचुर असली, तर घरी बाळंतपण नाही, तडक मोठ्या दवाखान्यात. बाळ त्या वाटेनं येताना त्याला लागलं तर डोळ्यांवर, मेंदूवर जातं, जिवावर बेततं. साफ असेल तर घोर करायचं कारण नाही.

एवढं सांगून बाई येसाक्काच्या तोंडाकडं बघायला लागल्या. तिच्या ओठाच्या कोपऱ्याला पुळ्यांचा एक घोस होता.

"येसाक्का, हे कधीपासून?"

"हे व्हय? ल्हानपनापासनं. ताप आला, उनात राबलं, की उटतंय. आमच्या घरात समद्यांनाच हाय."

"हे त्याच घराण्यातलं आहे."

"कुनाच्या?"

"ह्या दोघांच्या दुखण्याच्या. तुमचं वरच्या मजल्यावर राहतं, त्यांचं खालच्या. एवढाच फरक. तुम्हाला लहानपणी कुणीतरी लाडानं मुका घेतला, त्यातून आलं असणार. तेव्हा ह्या पुळ्या असतील त्या दिवसांत बाळाचा मुका घ्यायचा नाही. तोंडाजवळ न्यायचंसुद्धा नाही. नव्या बाळाला ते सोसत नाही."

येसाक्कानं ओठाला हात लावला. मग झटकन काढला आणि तात्यांना ओरडली, "साबन द्या की आदी!"

कुंडलपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, असं छकडेवाला पुढं महिनाभर सांगत होता. त्याला ते खरंच वाटत नव्हतं!

* * *

पौषात सगुणा आमच्या दवाखान्यात बाळंत झाली. बाईंनी आधी बॅटरी लावून नीट तपासलं. "साफ आहे!" बाई म्हणाल्या, आणि दुपारच्या भोंग्याला पोरगी जन्मली. टपोरी, लालबुंद, आणि आवाज थेट आजीचा! बाहेर तात्यांनी पहिल्यांदाच सगळं शरीर कबूल केलं. डोळे पुसत म्हणाले, "वरून खालपर्यंत ठीक आहे ना?"

नातवंडाचं तोंड बघायला तळमळलेली येसाक्का! मुलगी झाली म्हणून तोंड वाकडं करील, असं आळीला वाटत होतं. तिनं पुन्हा साखर वाटली, पहिल्यापेक्षा दुप्पट. बारशाला सगळा गाव. घुगऱ्यांची पातेली, पाळण्याला फुलांच्या माळा, माणातून मामानं नव्या लोकरीचं घोंगडं आणलेलं! मी आत्या, कानात कुर्र करायला मी पुढं.

"येसाक्का कुटं हाय? आगं, आजीला बलवा की! नातीला पाळण्यात घालायची हाय!"

येसाक्का अंगणात नाही. सोप्यात नाही. चुलीपाशी नाही.

बायका हुडकत हुडकत मागच्या दारी गेल्या. बघतात तर ही पडवीतल्या दगडावर घोंगडं टाकून बसलेली! चार दिवस बारशाच्या धावपळीनं अंगात कणकण होती, तोंडावर गच्च पदर बांधलेला. नुसते डोळे दिसत होते, आणि ते पाळण्याच्या दिशेला लागलेले.

तेवढ्यात पांडू घुगऱ्यांचं ताट घेऊन आला. ताट जमिनीवर ठेवलं, काठी घेतली, आणि ढकलत ढकलत आईपुढं सरकवलं.

पाटलीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "आगं ये येसे! नातीचं बारसं, आन तू हितं का बसलीस?"

साठी उलटलेली येसाक्का पदराआडून गरजली, ती पुढच्या अंगणापर्यंत ऐकू गेली:

"दिसत न्हाई व्हय गं? मला कावळा शिवलाय!"